रोजच्या फोटोंसाठी स्वस्त फिल्म कॅमेरा: नागपूरच्या उन्हापावसात कोणता निवडावा?

घरातली माणसे, बर्डीवरची संध्याकाळ, फुटाळा तलावाचा काठ, पोळ्याच्या दिवसांतली गल्ली असे रोजचे फोटो फिल्मवर काढावेत आणि त्यासाठी फार पैसे खर्च होऊ नयेत, अशी इच्छा असणाऱ्यांसाठी हा आढावा आहे. लेन्स बदलता येणारे एसएलआर कॅमेरे मी यात घेतलेले नाहीत, कारण खिशात मावत नाही तो कॅमेरा रोज सोबत राहत नाही. ३५ मिमीचा रोल घेणारे, हातात धरून लगेच फोटो काढता येईल असे चार प्रकार आज या खर्चात विचार करण्यासारखे आहेत: नवे प्लास्टिकचे स्थिर फोकसचे कॅमेरे, हाफ-फ्रेम कॅमेरे, ऑलिंपस ट्रिप ३५ सारखे जुने यांत्रिक कॅमेरे आणि नव्वदच्या दशकातले स्वयंचलित कॉम्पॅक्ट. पुष्कळ जण किंमत आणि दिसणे पाहून निवड करतात. माझ्या मते आपण बहुतेक फोटो कोणत्या उजेडात काढणार आहोत, हे आधी ठरवले पाहिजे.

नव्या प्लास्टिक कॅमेऱ्यांचा नमुना म्हणून कोडॅक एम३५ घेता येईल. त्याची लेन्स ३१ मिमीची, छिद्र कायमचे एफ/१० (हा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) आणि शटरचा वेग कायमचा १/१२० सेकंद असतो. इल्फर्डचा स्प्राइट ३५-२ हाही जवळपास असाच, एफ/९ चा कॅमेरा आहे. यात फिरवायला, जुळवायला काही नसल्यामुळे कॅमेऱ्यापर्यंत किती उजेड पोहोचतो आणि त्यात कोणता रोल आहे, या दोनच गोष्टींवर फोटोचे भवितव्य ठरते. भर उन्हात एफ/१६ छिद्राला फिल्मच्या गतीइतका, म्हणजे उजेडाला ती जितकी संवेदनशील तितका (२०० गतीला १/२०० सेकंद) शटरवेग लागतो, हा छायाचित्रकारांचा जुना हिशोब इथे लावला, तर २०० गतीचा रोल घातलेल्या एम३५ मध्ये उन्हातल्या फोटोला सुमारे दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) जास्त उजेड मिळतो आणि ४०० च्या रोलला तीन. रंगीत निगेटिव्ह फिल्म जास्तीचा उजेड चांगला पचवते, त्यामुळे मे महिन्यात झिरो माइलसमोर काढलेला फोटोही वापरण्याजोगा येतो. उजेड कमी पडला तर मात्र ती लगेच हार मानते. सावल्या मातकट होतात आणि दाणा, म्हणजे फोटोतला रवाळपणा, उठून दिसतो.

हा हिशोब नागपूरकरांना एका दिवसापुरता तरी फार महत्त्वाचा आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लाकडी बैल घेऊन सजलेली मुले दारोदार फिरतात आणि त्याच दिवशी काळ्या आणि पिवळ्या मारबतीची मिरवणूक निघते. आपल्या शहरात फोटो काढण्यासाठी याहून चांगला दिवस मला तरी माहीत नाही. परंतु तो श्रावण नुकताच सरल्यानंतरचा दिवस असतो आणि आभाळ बहुतेक वेळा भरलेले असते. दाट ढगांखाली उजेड भर उन्हाच्या तुलनेत तीन स्टॉपने उतरतो, म्हणजे एम३५ मध्ये २०० चा रोल एक स्टॉप कमी पडतो, तर ४०० चा रोल बरोबर बसतो. इतवारी-महालच्या अरुंद गल्ल्यांमध्ये त्याहूनही कमी उजेड असतो. म्हणून या प्रकारच्या कॅमेऱ्यात मृग लागल्यापासून ४०० चाच रोल घालावा आणि २०० चा रोल उन्हाळ्यासाठी राखून ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

स्थिर फोकसमुळे साधारण एक मीटरच्या पुढचे सर्व काही ठीकठाक स्पष्ट येते, त्याच्या अलीकडचे येत नाही. टेबलावरची तर्री पोह्यांची प्लेट बसल्या जागेवरून टिपण्याची सवय मोबाइलने आपल्याला लावली आहे. या कॅमेऱ्यात ती प्लेट धूसर येईल आणि मागची भिंत मात्र नीट दिसेल. फ्लॅश एका ट्रिपल-ए सेलवर चालतो, तो हाताने सुरू करावा लागतो आणि त्याचा उपयोग दोन-तीन मीटरपर्यंतच होतो, एवढे लक्षात ठेवले तर घरातले वाढदिवस आणि पंगती निभावतात. काळोख पडल्यावर फुटाळ्याच्या पलीकडच्या काठावरचे दिवे टिपण्याची अपेक्षा मात्र त्याच्याकडून करू नये.

याच्या अगदी उलट स्वभावाचा कॅमेरा म्हणजे १९६७ साली बाजारात आलेला ऑलिंपस ट्रिप ३५. त्याला सेल लागत नाही. लेन्सभोवती सेलेनियमचे जाळीदार कडे आहे. त्यावर पडणाऱ्या उजेडातून निर्माण होणाऱ्या विजेवर त्याचे मीटर चालते, आणि छिद्र किती उघडायचे व १/४० आणि १/२०० यांपैकी कोणता वेग घ्यायचा हे कॅमेरा स्वतः ठरवतो. लेन्स ४० मिमीची, एफ/२.८ ची आहे. एफ/१० च्या तुलनेत एफ/२.८ मधून सुमारे तेरापट उजेड आत येतो आणि १/१२० च्या तुलनेत १/४० मध्ये तिप्पट वेळ मिळतो; दोन्ही मिळून ट्रिप हा एम३५ पेक्षा जवळपास अडतीसपट उजेड गोळा करू शकतो. खिडकीपाशी बसून तांदूळ निवडणाऱ्या आजीचा फ्लॅशविना फोटो एका कॅमेऱ्यात येतो आणि दुसऱ्यात येत नाही, तो या फरकामुळेच. दुसऱ्या टोकाला, ४०० गतीच्या रोलवर भर उन्हात नेमका एफ/२२ आणि १/२०० लागतो आणि ट्रिपचे छिद्र तिथपर्यंत मिटते. उजेड फारच कमी असेल, तर दर्शकात, म्हणजे ज्यातून आपण पाहतो त्या खिडकीत, लाल पट्टी वर येते आणि शटर दाबलेच जात नाही. पहिल्यांदा वापरणाऱ्याला हे बिघाडासारखे वाटते, पण त्यामुळे रोलवरची एक जागा वाया जाण्यापासून वाचते, हे त्या कॅमेऱ्याचे मला सर्वांत आवडणारे वैशिष्ट्य आहे.

अंतर मात्र आपणच लावायचे असते. एक डोके म्हणजे एक मीटर, दोन माणसे म्हणजे दीड, माणसांचा घोळका म्हणजे तीन आणि डोंगर म्हणजे लांबचे, अशी चार चित्रे लेन्सवर आहेत. हे आठ दिवसांत अंगवळणी पडते, पण घाईत विसरतेही, आणि माझ्या पहिल्या दोन रोलमधल्या धूसर फोटोंपैकी बहुतेक याच विसरण्याने झाले होते. शिवाय हा कॅमेरा आता जुना म्हणूनच मिळतो, तेव्हा घेताना तपासणी अनिवार्य आहे. छिद्राचे कडे ए या खुणेवर ठेवून लेन्सभोवतीची जाळी तळहाताने झाकावी आणि शटर दाबावे. लाल पट्टी वर आली पाहिजे. मग कॅमेरा आकाशाकडे आणि त्यानंतर सावलीकडे रोखून शटर अर्धे दाबावे. समोरून लेन्समध्ये पाहिल्यास छिद्र लहान-मोठे होताना दिसले पाहिजे. छिद्र बदलत नसेल, तर सेलेनियम निकामी झाले आहे आणि विक्रेता कितीही चांगल्या स्थितीची ग्वाही देवो, तो कॅमेरा सोडून द्यावा. मागचे झाकण उघडून कडेचा फोमही पाहावा. तो विरघळून काळा चिकट झाला असेल, तर उजेड आत शिरतो. मात्र तो बदलणे सोपे असल्यामुळे तेवढ्यावरून सौदा मोडण्याचे कारण नाही.

हाफ-फ्रेम कॅमेऱ्यांचे आकर्षण खर्चाचे आहे. कोडॅक एक्टार एच३५ मध्ये २४×३६ मिमीच्या चौकटीऐवजी १८×२४ मिमीची चौकट वापरली जाते, म्हणून ३६ च्या रोलवर ७२ फोटो बसतात. रोल आणि त्याची धुलाई यांचा दर फोटोमागचा खर्च निम्मा होतो, आणि दोन-तीन रोल धुऊन होईतो साध्या कॅमेऱ्याची किंमत गाठली जाते हे ध्यानात घेता ही बचत खरी आहे. चौकट अर्धी असल्यामुळे मोठ्या प्रिंटमध्ये दाणा लवकर दिसतो, पण अल्बमच्या आकाराला तो कोणाला खटकू नये. तरीही पहिला कॅमेरा म्हणून मी तो सुचवत नाही. मी होळीच्या आधी घातलेला हाफ-फ्रेमचा रोल पोळ्यापर्यंत संपला नव्हता. अख्खा नागपुरी उन्हाळा तो कपाटात, आणि काही दिवस गाडीत राहिला. धुऊन आला तेव्हा सुरुवातीच्या फोटोंचे रंग उडालेले आणि दाणा सुजलेला होता. उष्णतेने फिल्मवरची अप्रकट, म्हणजे टिपलेली पण अजून न धुतलेली, प्रतिमा बिघडते, आणि पंचेचाळीस अंशांच्या शहरात रोल दीड-दोन महिन्यांत संपवणे हाच त्यावरचा उपाय आहे. भरपूर फोटो काढणाऱ्याला, कॉलेजच्या सहलीला किंवा लग्नघराला मात्र हाफ-फ्रेमसारखा सोबती नाही.

नव्वदच्या दशकातले स्वयंचलित कॉम्पॅक्ट चालतात तोवर सर्वांत सुखाचे असतात. फोकस, रोल पुढे सरकवणे, फ्लॅश, रोलच्या डबीवरचा डीएक्स संकेत वाचून गती ओळखणे, हे सारे तेच करतात. मात्र त्यांतले इलेक्ट्रॉनिक भाग एकदा बंद पडले की दुरुस्त करणारा सापडत नाही, अनेकांना सीआर१२३ए किंवा सीआर२ असा महाग सेल लागतो, आणि नावाजलेल्या मॉडेलांच्या किमती साध्या कॅमेऱ्याच्या चौकटीत राहिलेल्या नाहीत. अनोळखी मॉडेल स्वस्तात आणि प्रत्यक्ष सेल घालून तपासायला मिळाले तरच घ्यावे.

पैसे मोजण्याआधी घरचे कपाट मात्र जरूर उघडावे. याशिका एमएफ-२ किंवा कोडॅक केबी-१० आपल्याकडच्या कितीतरी घरांत पडून आहेत, आणि सेल फुटून त्यांच्या पट्ट्या गंजलेल्या नसतील, तर ते आजच्या नव्या प्लास्टिक कॅमेऱ्याचे काम विनामूल्य करतात. बडोद्यात बनलेला अग्फा क्लिक-३ सापडला, तर त्याला १२० चा रुंद रोल लागतो आणि त्यावर बाराच फोटो येतात, त्यामुळे रोजच्या वापरासाठी तो नको. एकदाच वापरायच्या, सत्तावीस फोटोंच्या कॅमेऱ्यांचा विचार एखाद्या समारंभापुरताच करावा.

माझा क्रम असा आहे: कपाटातला कॅमेरा चालत असेल तर तो, नाहीतर नवा स्थिर फोकसचा प्लास्टिक कॅमेरा आणि ४०० चे दोन रोल. त्या दोन रोलांमध्ये घरातले, खिडकीजवळचे, दिवेलागणीचे फोटो पुन्हा पुन्हा काळवंडून आले, तर तपासलेला ट्रिप शोधावा. बहुतेक फोटो उन्हातलेच असतील, तर ट्रिपवर जास्तीचे पैसे घालण्याची गरज नाही. हाताने रोल सरकवायचा कोणताही कॅमेरा असला, तरी रोल घातल्यावर पुढच्या फोटोसाठी तो सरकवताना डावीकडची गुंडाळायची कळ फिरते का, हे पाहावे. ती फिरत नसेल, तर रोल आत अडकलेलाच नाही आणि छत्तीसही फोटो कोरे येतील. धुवायला देताना निगेटिव्ह परत हवीत, हे पावतीवर लिहून घ्यावे.