टाल्लिन, रिगा की व्हिल्नियस? बाल्टिकमधल्या उंच इमारती पाहायच्या तर

मुंबईहून निघणाऱ्याने एक अपेक्षा घरीच ठेवलेली बरी. एस्टोनिया (राजधानी टाल्लिन), लाटव्हिया (रिगा) आणि लिथुएनिया (व्हिल्नियस) या तिन्ही बाल्टिक देशांत मिळून सर्वांत उंच कचेरीची इमारत म्हणजे व्हिल्नियसचा युरोपा टॉवर, तोही अँटेनासकट १४८ मीटर. आपल्या लोअर परळचा वर्ल्ड वन २८० मीटर! नुसती उंची हवी असेल तर तिकिटाचे पैसे वाचवा. तरीही जायचेच असेल आणि एकच राजधानी निवडायची असेल, तर वर जाता येते का आणि वरून काय दिसते, एवढेच बघा.

माझे मत रिगाला. सेंट पीटर चर्चचा मनोरा १२३ मीटर उंच, आणि दाउगावा नदीपलीकडे २००४ साली उभी राहिलेली ‘सन स्टोन’ ही बँकेची काचेची इमारतही १२३ मीटरच. चर्चचा जुना लाकडी मनोरा १९४१च्या युद्धात जळाला. १९७३ला पुन्हा उभा राहिला तो पोलादाचा, आत लिफ्ट घेऊन. त्यामुळे गुडघे कुरकुरणाऱ्यांनाही ७२ मीटरवरच्या सज्जात जाता येते. त्याहून मजेची विज्ञान अकादमी. मॉस्कोतल्या स्टालिनकालीन इमारतींची ही धाकटी बहीण १०८ मीटर उंच असून तिला ‘स्टालिनचा वाढदिवसाचा केक’ म्हणून चिडवतात. तिच्या १७व्या मजल्यावरून खाली मध्यवर्ती बाजाराची पाच अजस्र छपरे दिसतात. त्यांच्यासाठी झेपेलिन या जर्मन हवाई जहाजांच्या हँगरांचे सांगाडे वापरले होते. मंडईला असे छप्पर दुसरीकडे कुठे मिळणार?

रिगाचा टीव्ही टॉवर ३६८ मीटरचा, तिन्ही देशांत सर्वांत उंच. पण २०१९ला तो नूतनीकरणासाठी बंद झाला, त्यामुळे चौकशी केल्याशिवाय त्याच्या भरवशावर जाऊ नका.

टीव्ही टॉवरच चढायचा असेल तर टाल्लिन. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या शिडाच्या होड्यांच्या शर्यती टाल्लिनला झाल्या, त्यासाठी हा ३१४ मीटरचा मनोरा बांधला. १७० मीटरवर काचेची जमीन आहे. भित्र्यांनी भिंतीकडेने जावे. तो मध्यवस्तीपासून दूर, पिरिटा उपनगराकडे असल्याने अर्धा दिवस जातो. गावात सेंट ओलाफ चर्च आहे, सुमारे १२४ मीटर. एकेकाळी ते १५९ मीटर होते, जगात सर्वांत उंच होते, असे सांगतात. अभ्यासकांना ते पटत नाही. इथे लिफ्ट नाही. अरुंद दगडी गोल जिना, आणि हिवाळ्यात तोही बंद.

व्हिल्नियसचे नवे मनोरे नेरिस नदीच्या पलीकडे एकत्र उभे आहेत, जुन्या गावाच्या अंगावर येत नाहीत. जुन्या गावालगतच्या गेडिमिनास टेकडीवरून ते पाहिले की काम झाले. इथे जायचे ते ३२६ मीटरच्या टीव्ही टॉवरसाठी. लिथुएनियाने सोव्हिएत संघापासून स्वातंत्र्य जाहीर केले होते, आणि १३ जानेवारी १९९१च्या रात्री सोव्हिएत रणगाडे या मनोऱ्यावर चालून आले. त्या दिवसांत १४ माणसे गेली. भोवतालच्या काही रस्त्यांना त्यांची नावे आहेत. वर १६५ मीटरवरचे फिरते उपाहारगृह सुमारे तासाभरात एक फेरी पूर्ण करते. आधी तळमजल्यावरचे प्रदर्शन पाहा, मग वर जा. उलट केलेत तर जेवण गोड लागेल, पण आपण कुठे बसलो होतो ते खाली आल्यावर कळेल.

रिगा मधोमध आहे. दोन्हीकडे बसने चार-साडेचार तास लागतात. दिवस वाढले तर पुढचे तिकीट तिथूनच काढता येते.