आठ महिने माझी मेट्रो: खेड्यातून येणाऱ्यानं कुठं चढायचं, कुठं उतरायचं

नागपुरात अजनी रेल्वे स्टेशनहून पॅसेंजर पकडायची असेल तर ‘माझी मेट्रो’च्या, म्हणजे नागपूर मेट्रोच्या, अजनी चौक स्टेशनवर उतरू नका. काँग्रेस नगरला उतरा. खापरीकडून, म्हणजे मेट्रोच्या दक्षिण टोकाकडून, येताना आधी अजनी चौक लागतं, मग रहाटे कॉलनी आणि त्यानंतर काँग्रेस नगर. रेल्वेचं अजनी स्टेशन जवळ पडतं ते इथून. अजनी चौक आहे वर्धा रोडवर, जेलच्या बाजूला. नाव ऐकून तिथं उतरलेला माणूस सामान घेऊन चालत निघाला की गाडी गेलीच समजा. सिंदी, तुळजापूर, बोरखेडीकडचे लोक रेल्वेचा मासिक पास काढून अजनीला उतरतात आणि पुढं मेट्रो धरतात. त्यांच्यासाठी या दोन मार्गांचा सांधा हाच आहे, आणि नेमकं त्याच सांध्यावरचं नाव दिशाभूल करतं.

हे सगळ्यात आधी लिहिण्याचं कारण असं की आठ महिन्यांच्या वापरात गाडीबद्दल सांगण्यासारखं वाईट फार थोडं सापडलं. तीन डब्यांची गाडी, आत गारवा, बसायला जागा बहुतेक वेळा मिळते, खापरी ते बर्डी, म्हणजे सीताबर्डी, साधारण अर्धा तास. त्रास आहे तो नावांचा.

विमानतळाचंच घ्या. नारंगी मार्गावर एअरपोर्ट, एअरपोर्ट साऊथ आणि न्यू एअरपोर्ट अशी एकापाठोपाठ तीन स्टेशनं आहेत. सध्याच्या टर्मिनलला जायचं तर नुसत्या ‘एअरपोर्ट’ला उतरायचं, आणि तिथूनही टर्मिनल दारात नाही, पुढं ऑटो किंवा फीडर बस लागते. खापरीहून चढलेल्या माणसाला सगळ्यात आधी ‘न्यू एअरपोर्ट’ ऐकू येतं. पहिल्यांदा विमानाला निघालेलं घर असेल, बॅगा असतील, तर ते तिथंच उतरणार. नवं म्हणजे चांगलं आणि चालू असलेलं, असाच अर्थ कुणीही घेईल. तिकीट काढतानाच खिडकीवर ‘टर्मिनलला जायचं आहे’ असं सांगा, स्टेशनचं नाव तुम्ही सांगू नका.

आता मार्ग. पहिला टप्पा ३८ किलोमीटरचा. नारंगी मार्ग उत्तर-दक्षिण, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी. निळसर ॲक्वा मार्ग पूर्व-पश्चिम, प्रजापती नगर ते लोकमान्य नगर. दोन्ही बर्डीला मिळतात. भूमिपूजन ऑगस्ट २०१४ मध्ये झालं. खापरी ते बर्डी मार्च २०१९ मध्ये सुरू झालं, बर्डी ते लोकमान्य नगर जानेवारी २०२० मध्ये, आणि कामठी रोड व सीए रोडचे उरलेले तुकडे ११ डिसेंबर २०२२ ला. म्हणजे वस्ती सगळ्यात विरळ असलेली खापरीकडची, मिहान या औद्योगिक पट्ट्याची बाजू आधी धावली आणि इतवारीकडची दाट बाजू शेवटी. कारण सरळ आहे. मिहानकडं जागा मोकळी होती, रूळ जमिनीवरून नेता आले. सीए रोडवर दोन्हीकडं दुकानं, खाली वाहतूक, आणि मध्ये रेल्वेचे रूळ ओलांडायचे. त्यासाठी आनंद टॉकीजजवळ २३१ मीटरचा पूल बांधावा लागला.

जमिनीवरच्या त्या तुकड्याबद्दल मत बदललं, ते इथं नोंदवतो. सुरुवातीला वाटायचं की माळरानातून गाडी नेऊन काय साधलं. आता म्हाताऱ्या माणसांसोबत ये-जा केल्यावर तोच भाग सगळ्यात सोयीचा वाटतो. खापरीला चढण कमी. उलट छत्रपती चौक, जयप्रकाश नगर आणि उज्ज्वल नगर ही तीन स्टेशनं वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावर आहेत. खाली रस्ता, मध्ये गाड्यांचा उड्डाणपूल, त्यावर मेट्रो. पूल ३.१४ किलोमीटरचा, विक्रमातही गेला, पण गुडघे दुखणाऱ्याला मधला मजला ओलांडून वर जायचं असतं. कामठी रोडवरही गड्डीगोदाम ते ऑटोमोटिव्ह चौक तीच रचना आहे. गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो. लिफ्ट आहेत, पण रस्त्यावरून तिकिटाच्या मजल्यावर एक आणि तिथून फलाटावर दुसरी, असं दोनदा चढावं लागतं. रोगी सोबत असेल तर गाडीच्या वेळेआधी दहा मिनिटं हाताशी ठेवा आणि रस्त्याच्या ज्या बाजूला लिफ्ट आहे तिथंच ऑटो थांबवायला सांगा. चुकीच्या बाजूला उतरलं की रस्ता ओलांडण्यातच जीव जातो.

पैशाचा हिशेब. एसटीनं वर्ध्याकडून येऊन खापरीला उतरायचं आणि मेट्रोनं बर्डीला जायचं, ही कल्पना ऐकायला चांगली आहे. आधी आम्ही सगळ्यांना हेच सांगत होतो. आता सरसकट सांगत नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना अर्धं, ७५ च्या वरच्यांना फुकट. मेट्रोत महिलांना अशी अर्ध्या तिकिटाची सवलत नाही. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यानं लागतं. खापरीला उतरून जे दोन-तीन टप्पे वाचतात, त्यांची अर्ध्या तिकिटातली किंमत मेट्रोच्या पूर्ण तिकिटापेक्षा कमीच असते. म्हणून बाई आणि सासू-सासरे असे तिघं गणेशपेठच्या एसटी स्टँडला किंवा तिथून जवळपास जाणार असतील, तर त्यांनी लालपरीतून उतरूच नये. पूर्ण तिकीट देणाऱ्या एकट्या पुरुषाला, किंवा चौकांत अडकणारा वेळ ज्याला महाग पडतो त्याला, खापरी परवडते. शिवाय जलद गाड्या खापरीला थांबतीलच असं नाही. चढतानाच कंडक्टरला विचारून घ्या.

मेट्रो खरी वसूल होते ती मेयो हॉस्पिटलला जाणाऱ्याची. बर्डीला गाडी बदलायची, बाहेर पडायचं नाही, तिकीट एकच. प्रजापती नगरकडची गाडी धरायची. कॉटन मार्केट, नागपूर रेल्वे स्टेशन, आणि तिसरं दोसर वैश्य चौक. मेयो तिथंच आहे. पावसाळ्यात सीए रोडवर ऑटो शोधत भिजण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं. मेडिकलला, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला, जाणाऱ्याला मात्र हा लाभ नाही. काँग्रेस नगर असो की अजनी चौक, पुढं ऑटो लागतोच. एम्सला खापरीहून वाहन करावं लागतं. रेल्वे स्टेशनला उतरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की मेट्रोचं स्टेशन संत्रा मार्केटच्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूला आहे. मोर भवनच्या बस धरायच्या असतील तर बर्डीत उतरून गर्दीतून चालण्यापेक्षा झांशी राणी चौक गाठा.

फलाटावर रंग पाहत बसू नका, शेवटच्या स्टेशनचं नाव वाचा. पाटीवर ‘लोकमान्य नगर’ लिहिलं तर हिंगण्याकडं, ‘प्रजापती नगर’ लिहिलं तर पारडीकडं. कागदी तिकीट घेतलं तर ते दुमडू नका. त्यावरचा चौकोनी कोड आत जाताना वाचला जातो तसा बाहेर पडतानाही वाचला जातो. पदराच्या गाठीत चार घड्या घालून ठेवलेला, घामानं ओला झालेला कागद बाहेर पडताना गेट वाचत नाही, आणि मागं रांग लागते. कागद वहीत किंवा पाकिटाच्या सपाट कप्प्यात ठेवावा, वाचणारी काच उजव्या हाताला असते, त्यावर कोड खाली करून टेकवावा आणि गेट उघडल्यावर एकेकानं जावं. चुंगडी किंवा मोठी बॅग असेल तर रुंद गेटकडं जा. रोज जाणाऱ्यानं महा कार्ड, म्हणजे मेट्रोचं आधी पैसे भरून ठेवायचं कार्डच घ्यावं. सायकलही डब्यात नेता येते. खापरीपासून पाच-सात किलोमीटरवर राहणाऱ्या पोरांना ही सोय अजून माहीत नाही, याचं वाईट वाटतं.

आता बुटीबोरी. दुसऱ्या टप्प्याला केंद्राची मंजुरी डिसेंबर २०२२ मध्ये मिळाली. ४३.८ किलोमीटर, ३२ स्टेशनं, ६,७०८ कोटी रुपये. चार फाटे आहेत. मिहान ते बुटीबोरी एमआयडीसी साधारण साडेअठरा किलोमीटर, ऑटोमोटिव्ह चौक ते कन्हान नदी तेरा, लोकमान्य नगर ते हिंगणा साडेसहा, प्रजापती नगर ते कापसीचं ट्रान्सपोर्ट नगर साडेपाच. कागदावर हा टप्पा शहर वाढवणारा वाटतो, पण खेड्यासाठी पहिल्या टप्प्यापेक्षा हाच मोठा. प्रत्येक फाटा एकेका रस्त्याचं तोंड पकडतो. कन्हानला रामटेक-मनसरची बाजू, कापसीला भंडारा रोड. आणि बुटीबोरीला तर हिंगणघाट-जामकडून येणारा ४४ नंबरचा महामार्ग आणि वर्ध्याकडून येणारा ३६१ नंबरचा, दोन्ही मिळतात. खापरीत जे जमलं नाही ते बुटीबोरीत जमू शकतं, कारण तिथं दोन्हीकडच्या गाड्या तसंही थांबतात. फक्त स्टेशनच्या जिन्याखाली एसटीला उभं राहायला जागा हवी. चार गाड्या एकावेळी उभ्या राहतील, प्रवाशाला रस्ता ओलांडावा लागणार नाही, एवढंच. हे खांब उभे राहण्याआधी ठरलं तर होतं. नंतर जागा उरत नाही.

नावं मात्र आत्ताच बदलून घ्यायला हवीत. बुटीबोरीच्या फाट्यावर अशोकवन, डोंगरगाव, मोहगाव ही गावांची नावं आहेत, ती कुणालाही कळतील. पण शेवटच्या स्टेशनचं नाव आहे ‘एमआयडीसी ईएसआर’. ईएसआर म्हणजे उंचावरची पाण्याची टाकी. कंपनीतल्या कामगाराला, त्याच्या डब्याची वाट पाहणाऱ्या घरच्यांना, ऑटोवाल्याला हे अक्षर लागत नाही. सगळे त्या जागेला टाकीच म्हणतील. पाटीवरही ‘टाकी’च लिहावं.

तोवर हिंगणघाटकडून येणाऱ्यांनी घरून निघतानाच ठरवावं: मेयो, हिंगणा एमआयडीसी किंवा विमानतळ असेल तर खापरीला उतरा. गणेशपेठ किंवा मेडिकल असेल तर बसमध्येच बसून राहा. परतीची पॅसेंजर अजनीहून असेल तर काँग्रेस नगरला उतरा, आणि सोबतच्या प्रत्येकाला ते नाव दोनदा सांगून ठेवा.