डिस्क सांभाळायला टर्मिनल: एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

वेंगुर्ल्यात आमचा शूटिंगचा धंदा. लग्नं असतातच, पण खरा डेटा येतो तो जत्रांच्या दिवसांत, दशावतारातून. शंभर मेगाबिटच्या फोर-के रेकॉर्डिंगला तासाला ४५ जीबी लागतात. पाच तासांच्या नाटकाला दोन कॅमेरे लावले की उजाडेपर्यंत साडेचारशे जीबी जमा! गेल्या सीझनला कोपऱ्यातल्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, आत ४ टीबीच्या दोन डिस्क बसवल्या, मॉनिटर काढून घेतला आणि सगळा कारभार लॅपटॉपवरून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, सुरू केला. आता पावसाळा सरलाय, जत्रा पुन्हा तोंडावर आल्यात, तेव्हा लिहायला हरकत नाही.

डिस्कचे भाग पाडायला आणि फॉरमॅट मारायला म्हणून टर्मिनल शिकणार असाल तर कशाला उगाच डोकेफोड. ते काम वर्षातून एखाद्या वेळी निघतं आणि जीपार्टेड नावाच्या प्रोग्राममध्ये माउसने निवांत होतं. टर्मिनल कामाला येतं ते बघायला. डिस्क कुठली, तिची तब्येत कशी, ती आत्ता काय करतेय, हे त्याच्याइतकं स्पष्ट दुसरं कोणी सांगत नाही.

रोजची कमांड म्हणजे एलएसबीएलके. मशीनला जोडलेल्या सगळ्या डिस्क, त्यांचे भाग आणि कुठला भाग कुठे माउंट झालाय (म्हणजे कुठल्या फोल्डरला जोडलाय), हे एका नजरेत दिसतं. तिला मॉडेल आणि सीरियल नंबरचे कॉलमही दाखवायला सांगता येतात. मी प्रत्येक डिस्कच्या कडेला सीरियलची शेवटची चार अक्षरं मार्करने लिहून ठेवलीत. कारण लिनक्स डिस्कना देतं ती एसडीए, एसडीबी ही नावं काही कायमची नसतात. आज जी एसडीबी आहे ती उद्या रीस्टार्टनंतर एसडीसी होऊ शकते. म्हणून एफएसटॅब फाइलमध्ये (चालू होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ही यादी) नाव नाही, यूयूआयडी म्हणजे त्या भागाचा न बदलणारा ओळख क्रमांक लिहायचा आणि पुढे 'नोफेल' (डिस्क नसली तरी अडू नको) टाकायचं. ते नसेल आणि एखादी डिस्क जागेवर नसेल, तर मशीन दीड मिनिट तिची वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. मॉनिटर नसलेल्या मशीनचं असं झालं की माळ्यावरून मॉनिटर उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

जाता जाता एक. ४ टीबीची डिस्क इथे ३.६ दिसते, दुकानदाराने फसवलेलं नसतं, कंपनी हजाराने मोजते आणि ही कमांड १०२४ ने. शिवाय लिनक्समधलं ईएक्सटी-४ फॉरमॅट पाच टक्के जागा रूटसाठी (मशीनच्या मुख्य खात्यासाठी) राखून ठेवतं. ४ टीबीवर ती साधारण दोनशे जीबी होते. नुसती व्हिडिओ साठवायची डिस्क असेल तर ट्यून-टू-एफएस या कमांडने हा हिस्सा कमी करा, जवळजवळ अर्ध्या नाटकाची जागा मोकळी होते.

पण मला या सगळ्याचे पैसे वसूल करून दिले ते स्मार्टसीटीएलने, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद (तिला 'स्मार्ट' म्हणतात) दाखवणाऱ्या कमांडने. (पैसे पडत नाहीत म्हणा, सगळंच फुकट आहे.) ऐन आषाढात एका डिस्कवरची कॉपी रखडायला लागली. मध्येच थांबायची, परत चालू व्हायची. आजूबाजूच्या जाणकारांचं एकमत: डिस्क गेली, नवी घे. स्मार्टसीटीएलने तक्ता काढला. वरच लिहिलेलं असतं 'पास्ड'. त्यावर अजिबात विसंबू नका. खराब सेक्टर (डेटा ठेवायचे बारीक कप्पे) असलेली डिस्कही आरामात पास होते. बघायच्या त्या खालच्या ओळी. ५ नंबरला बदललेले सेक्टर, १९७ ला वाचता न आल्यामुळे लटकलेले सेक्टर, १९८ ला अजिबात न वाचता आलेले. माझ्या डिस्कच्या या तिन्ही ओळींत शून्य. १९९ नंबरचा आकडा मात्र दर कॉपीनंतर फुगत होता. ही ओळ डिस्क आणि मदरबोर्ड यांच्या मधल्या वाटेवर बिघडलेल्या डेटाची, म्हणजे बहुतेक वेळा केबलची. कॅबिनेट उघडून साटा केबल उपसली तर तिच्या टोकाच्या पट्ट्या काळवंडलेल्या. समुद्राची खारी हवा, त्यात आषाढातली ओल. केबल बदलली आणि डिस्क पहिल्यासारखी धावायला लागली. १९९ चा आकडा काही मागे येत नाही, तो जन्मभराचा हिशेब असतो. तो वाढायचा थांबला की समजायचं, दुखणं गेलं. नव्या डिस्कचे पैसे वाचले. त्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे नवी डिस्क घेऊन त्याच सडक्या केबलला लावली नाही.

दुसरं नाव जीएनयू डीडीरेस्क्यू, बिघडलेल्या डिस्कवरून डेटा वाचवणारं. शिरोड्याच्या एका ओळखीच्या काकांची पॉकेट डिस्क पडली होती, आत मुलीच्या लग्नाचे फोटो. अशा डिस्कवर दुरुस्तीची कमांड चालवायची नसते; आधी तिची जमेल तेवढी नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायची. डीडीरेस्क्यू पडलेल्या आंब्यांसारखं काम करतं: धड ते आधी वेचायचे, डागी नंतर बघायचे. कुठपर्यंत आलं, कुठे अडलं, याची नोंद ते मॅपफाइलमध्ये ठेवत जातं. आमच्याकडे पावसात रात्री लाईट जाणं ठरलेलंच. त्या रात्रीही गेली, इन्व्हर्टरही बसला. सकाळी तीच कमांड, तीच मॅपफाइल, आणि काम जवळपास होतं तिथून पुढे सुरू! थोडे फोटो अर्धवट राखाडी निघाले, बाकी सगळे मिळाले.

आता तक्रारी. पहिली म्हणजे टर्मिनल 'नक्की का?' असं विचारत नाही. डिस्कचे भाग पाडणारा एफडिस्क त्यातल्या त्यात भला, शेवटी 'डब्ल्यू' दाबेपर्यंत डिस्कला हात लावत नाही. त्याच कामाचा पार्टेड मात्र सांगितलं की तिथल्या तिथे करून मोकळा होतो. डिस्कची हुबेहूब नक्कल उतरवणारा डीडी तर विचारायच्या भानगडीतच पडत नाही. विंडोजवाल्यांच्या डिस्कपार्टमधल्या, डिस्क पुसणाऱ्या 'क्लीन'चीही तीच तऱ्हा. एंटरच्या आधी सीरियल नंबर पुन्हा बघायची सवय लागेपर्यंत ही अवजारं दुकानात नव्या पोराच्या हाती देऊ नयेत, असं माझं मत.

दुसरी, कॉपी झाली म्हणजे झाली असं नसतं. डेटा काही वेळ रॅममध्येच रेंगाळतो. आमचा पोरगा विचारतो, "दादा, कॉपी झाली, काढू काय?" माझं ठरलेलं उत्तर, "रव जरा. आधी सिंक मार, मग अनमाउंट." (सिंक म्हणजे रॅममध्ये उरलेलं ड्राइव्हवर उतरवायची कमांड, अनमाउंट म्हणजे ड्राइव्ह मशीनपासून सोडवणं.) मोठ्या फायली आणि स्वस्तातला पेनड्राइव्ह असेल तर सिंकला चहा पिऊन होईल इतका वेळ लागतो आणि स्क्रीनवर टक्का नाही की रेघ नाही. गिऱ्हाईक समोर उभं असताना हे फार जड जातं. गिऱ्हाइकाला द्यायच्या ड्राइव्हला एक्सफॅट फॉरमॅटच लागतं, कारण फॅट-३२ मध्ये ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही. आणि एक्सफॅटला जर्नल (अर्धवट राहिलेलं काम सावरायची नोंदवही) नसतं, त्यामुळे तिथे घाई अजिबात परवडत नाही.

तिसरी तक्रार यूएसबी केसची, म्हणजे डिस्क आत घालून यूएसबीने जोडायच्या डबीची. काही केस स्मार्टची माहिती आतून बाहेर येऊच देत नाहीत. स्मार्टसीटीएलच्या पुढे 'डॅश डी सॅट' लिहिलं की बऱ्याच बोलत्या होतात, माझ्याकडची एक तरीही मुकीच. आता नवी केस घेताना लॅपटॉप दुकानातच उघडतो, डिस्क घालून तक्ता येतो का बघतो आणि मगच पैसे देतो. दुकानदार वैतागतो, पण लावू देतो.