डीसी युनिव्हर्स ऑनलाइन: इंदूरच्या पिंगवर, फुकट खात्यावर आठ महिने

फुकटातला गेम म्हटला की पहिला प्रश्न येतो, "शेवटी पैसे किती मागतो?" इंदूरहून खेळणाऱ्याने हा प्रश्न दुसऱ्या नंबरवर ठेवावा. पहिला प्रश्न पिंगचा, म्हणजे तुमच्या संगणकाचा संदेश गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात त्याचा. कारण या गेममध्ये तुमची पिंग किती, यावरून तुम्ही कोणती शक्ती घ्यायची हे ठरतं, आणि एकदा घेतलेली शक्ती बदलायची तर टोकन लागतं. ते टोकन दुकानातून विकत घ्यावं लागतं. थोडक्यात, खरा खर्च सुरुवातीच्या चुकीच्या निवडीपासून सुरू होतो.

माहिती नसलेल्यांसाठी दोन ओळी. डीसी कॉमिक्सच्या सुपरहिरोंच्या जगातला हा ऑनलाइन गेम ११ जानेवारी २०११ ला आला, तेव्हा महिन्याला १४.९९ डॉलर भरावे लागत. दहा महिनेही झाले नाहीत तोच, १ नोव्हेंबर २०११ ला, दार सगळ्यांसाठी उघडलं. तुम्ही सुपरमॅन किंवा बॅटमॅन होत नाही, स्वतःचा नवा नायक किंवा खलनायक घडवता. परग्रहावरचा खलनायक ब्रेनियाक पृथ्वीवर चालून येणार म्हणून सुपरमॅनचा शत्रू लेक्स ल्युथर भविष्यातून परत येऊन 'एक्सोबाइट' नावाचे सूक्ष्म यंत्रकण मोकळे सोडतो आणि सामान्य माणसांना शक्ती मिळतात, अशी कथेची मांडणी. इतका जुना गेम आज कशाला, असं विचाराल तर उत्तर सोपं आहे: साधारण पीसीवर चालतो, आणि उडण्याची, भिंतीवर धावण्याची मजा अजूनही शिळी झालेली नाही.

आता पिंग. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. इंदूर ते अमेरिकेचा पूर्व किनारा सरळ रेषेत बारा हजारांहून जास्त किलोमीटर. जाऊन-येऊन पंचवीस हजार धरा, म्हणजे सव्वाशे मिलिसेकंद हे निसर्गाचंच भाडं, त्यात कुठलाही प्लॅन सूट देऊ शकत नाही. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही. मुंबईहून तांबड्या समुद्रातून, इजिप्त ओलांडून युरोप, मग अटलांटिक. म्हणून अमेरिकेतल्या सर्व्हरला २२० ते २८० दिसली तर कनेक्शन बिघडलंय असं समजू नका. १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा केल्याने ही पिंग तसूभरही हलत नाही. गेमला लागतो तो डेटा फारच थोडा. मोठा प्लॅन फक्त डाउनलोडला कामी येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ समुद्रातल्या केबल तुटल्या तेव्हा भारतातून पश्चिमेकडची वाहतूक मंदावली होती. अशा दिवसांत राउटर बंद-चालू करत बसण्यात अर्थ नाही.

जे हातात आहे ते हे: वायफायऐवजी लॅन केबल. पिंगचा आकडा केबलने फारसा उतरत नाही, पण उड्या मारायचा थांबतो. स्थिर २५० वर खेळता येतं. १८० वरून ४०० वर आणि परत, अशा हेलकाव्यावर येत नाही. तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ping -t' आणि पुढे पत्ता लिहून दहा मिनिटं चालू ठेवा आणि आकड्यांमधला फरक बघा. आधी राउटरला पिंग करा, मग बाहेरच्या पत्त्याला. राउटरलाच ५-१० च्या वर जात असेल तर दोष घरात आहे. रात्री ८ ते ११ मध्येच बिघडत असेल तर तो गल्लीतल्या गर्दीचा आहे. नवं पात्र करताना सर्व्हर निवडायला मिळाला आणि त्यात युरोप असेल तर तोच घ्या, इंदूरहून पिंग साधारण १३० ते १७० वर येते.

या २५० चा लढाईत नेमका परिणाम काय, हे जवळून पाहू. माउसचं डावं बटण जवळचा वार, उजवं लांबचा. टिचकी आणि दाबून धरणं यांच्या जोडण्यांतून कॉम्बो. त्यावर एक त्रिकोण आहे, कात्री-दगड-कागदासारखा: ब्लॉक केलेल्यावर झेप घेणारा स्वतःच आपटतो, झेप ही ब्लॉक फोडणाऱ्या वाराला मोडते, आणि ब्लॉक फोडणारा वार ब्लॉकला. आता समोरच्याने हात उगारला. तुमच्या पडद्यावर ते दिसेपर्यंत सव्वाशे मिलिसेकंद उलटलेले असतात. माणसाला बघून बोट हलवायला साधारण पाव सेकंद लागतो. तुमचा ब्लॉक सर्व्हरपर्यंत पोचायला आणखी सव्वाशे. अर्धा सेकंद गेला, आणि तुमच्या पडद्यावर ब्लॉक धरलेला असतानाही तुम्ही हवेत उडालेले असता. नवे लोक इथे "गेम फसवतो" म्हणून सोडून देतात. गेम फसवत नाही, पत्र उशिरा पोचतं. बॉसच्या हालचालींचा क्रम ठरलेला असतो. तो ओळखून हात उगारण्याआधीच ब्लॉक धरायची सवय लागली की संगणकाविरुद्धची लढाई सुरळीत होते. माणसांविरुद्ध मात्र क्रम नसतो. म्हणून पात्र पीव्हीई (संगणकाविरुद्धच्या) फेजमध्येच ठेवा आणि पीव्हीपीचा (माणसांविरुद्धच्या लढतीचा) नाद सोडा.

याच कारणासाठी शक्ती निवडताना डोळ्यांना काय भारी दिसतं ते बघू नका. प्रत्येक शक्ती दोन भूमिका देते: एक डीपीएस, म्हणजे निव्वळ मारणारा, आणि दुसरी टँक (गटासाठी मार झेलणारा), हीलर (भिडूंवर उपचार करणारा) किंवा कंट्रोलर (शत्रूंना जखडणारा) यांपैकी एक. दुसरी भूमिका लेव्हल १० ला उघडते. आग, बर्फ, पृथ्वी, रेज, ॲटॉमिक टँककडे जातात. नेचर, सॉर्सरी, इलेक्ट्रिसिटी, सेलेस्टियल, वॉटर हीलरकडे. गॅजेट्स, मेंटल, लाइट, क्वांटम, म्युनिशन्स कंट्रोलरकडे.

आमचं मत ठाम आहे: फुकट खातं आणि २०० च्या वरची पिंग असेल तर मारणारा होऊ नका. गटाच्या मोहिमांसाठीच्या रांगेत दर दुसरा माणूस डीपीएसच असतो, त्यामुळे आत जायला ताटकळावं लागतं. शिवाय वरच्या पातळीवर डीपीएसचा सगळा खेळ 'क्लिपिंग'चा आहे. शस्त्राचा वार लागताक्षणी त्याची उरलेली हालचाल शक्तीने कापायची आणि पुढचा वार सुरू करायचा. हे तालाचं काम. ताल अर्धा सेकंद मागे असलेल्याने ढोल वाजवू नये.

त्यापेक्षा नेचरचा हीलर घ्या. त्याचे बरेचसे उपचार एकदा लावले की काही सेकंद आपोआप चालू राहतात, क्षण चुकला तरी भिडू मरत नाही. सॉर्सरीही चालेल, ढाली आणि एकदम भरणारे उपचार आहेत, पण ढाल आधी टाकायची असते, घाव बसल्यावर नव्हे. सेलेस्टियल दिसायला देखणी, पण तिचे उपचार कॉम्बोवर चालतात आणि कॉम्बोचं दुसरं बटण उशिरा पोचलं की अर्धाच उपचार होतो. टँकमध्ये बर्फ सोयीचा. ढाली चढवा, संपायच्या आधी पुन्हा चढवा. रेज मात्र टाळा. तो घेतलेला मार पुढे ढकलतो आणि नंतर एकदम वसूल करतो, त्या वसुलीच्या वेळेला उपचार जुळवावा लागतो. ॲटॉमिकचं संरक्षणही कॉम्बोवर टिकतं. कंट्रोलरमध्ये गॅजेट्स किंवा मेंटल. गटाची पॉवर, म्हणजे शक्ती वापरायला लागणारी ऊर्जा, भरत राहायची, शत्रूंना जखडायचं. लाइटच्या हिरव्या हातोड्यांचा मोह होतो, पण तीही कॉम्बोवाली.

फुकट झाला तेव्हाच्या नियमात फुकट खात्याला पात्रांच्या २ जागा होत्या, एकदा ५ डॉलर खर्चलेल्या प्रीमियमला ६ आणि मासिक वर्गणीच्या लेजेंडरीला १६. जागा दोनच धरून चाला आणि पहिलं पात्र बळीचा बकरा समजा. त्यावर लेव्हल १० गाठा, भूमिका बदलून दोन-चार अलर्ट खेळा. (अलर्ट चार जणांचा, ड्युओ दोघांचा, रेड आठ जणांची.) हात बसला नाही तर पात्र पुसा, जागा परत मिळते. इथपर्यंत दोन-तीन तासच गेलेले असतात. टोकन विकत घेण्यापेक्षा हे स्वस्त.

चालण्याच्या पद्धतींपैकी उडणं सगळ्यांना हवं असतं. पण ॲक्रोबॅटिक्सने भिंत चढून छपरावरून तरंगत जाता येतं, आणि सुपर स्पीडने सरळ इमारतीवर धावत जाता येतं. कोपऱ्यातली वस्तू गोळा करायला उडणाराच बरा, कारण तो हवेत थांबू शकतो.

पिशवीची गोष्ट. फुकट खात्याची खरी गळचेपी इथे होते. प्रत्येक मारामारीनंतर काही ना काही पडतं, आणि लेव्हल १५ च्या आसपास पिशवी कायमची भरलेली राहते. यावर गेममध्येच एक सुंदर उपाय आहे: कुठलंही चिलखत किंवा मुखवटा एकदा अंगावर चढवला की त्याची स्टाइल तुमच्या संग्रहात कायमची जमा होते. वस्तू विकली तरी रूप राहतं, आणि अंगावर काहीही असलं तरी ते रूप दाखवता येतं. म्हणून क्रम असा: चढवा, स्टाइल जमा झाल्याचा संदेश बघा, उतरवा, पोलीस ठाण्यातल्या विक्रेत्याला विका. (नायकांचे अड्डे पोलीस ठाण्यांत, खलनायकांचे नाइट क्लबात.) एकच अपवाद. चढवलेली वस्तू तुमच्याशी बांधली जाते, मग ती ब्रोकरमध्ये म्हणजे लिलावात विकता येत नाही. नाव रंगीत आणि दुर्मीळ दिसलं तर चढवण्याआधी ब्रोकरमध्ये भाव बघून घ्या. फुकट झाला तेव्हाच्या नियमात फुकट खात्याला विक्रीची आणि पैसे बाळगण्याची बंधनं होती. मर्यादेच्या वरचे गेममधले पैसे तुमचे असूनही कुलपात जात. ते बघून चिडचिड व्हायची, आणि ती व्हावी म्हणूनच ते आकडे डोळ्यांसमोर ठेवलेले असत.

पैसे खर्च करायचेच तर एकदाच थोडे करा, तेही लेव्हल ३० नंतर. मूळ कथा ३० पर्यंत एक रुपया न देता पूर्ण होते. एपिसोड, म्हणजे नंतर जोडलेला कथेचा भाग, विकत घेण्याआधी मोहिमांच्या 'ऑन ड्यूटी' यादीत तो आधीच उघडा आहे का ते बघा. पहिली खरेदी पिशवीच्या जागेची. टाइम कॅप्सूल नावाच्या पेट्या फुकट पडतात, पण उघडायला स्टॅबिलायझर लागतो. तो विकत घेऊ नका, आत काय निघेल ते नशिबावर. रिप्ले बॅजने एकाच रेडची लूट त्याच आठवड्यात पुन्हा मिळवता येते. घाई नसेल तर आठवडा थांबणं हा त्याचा फुकट पर्याय. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलं तर यूपीआय चालतं. वर्गणी लावायची तर एक महिन्याचीच. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या ई-मॅन्डेट नियमामुळे परदेशी सेवांचं कार्डावरचं आपोआप नूतनीकरण अनेकदा अडतं, त्यामुळे आपोआपच्या भरवशावर राहू नये.

३० नंतर लेव्हल थांबते आणि सीआर, म्हणजे कॉम्बॅट रेटिंग, चालू होतं. अंगावरच्या साहित्यावरून ते ठरतं आणि प्रत्येक मोहिमेला किमान सीआर लागतं. पण सीआरच्या मागे धावताना लोक फीट, म्हणजे गेमने नोंदलेले पराक्रम, विसरतात. फीटचे १०० गुण झाले की एक स्किल पॉइंट, आणि तो पात्रावर कायम राहतो. पुढच्या एपिसोडने तुमचं चिलखत जुनं केलं तरी तो जुना होत नाही. स्टाइल जमवणं, जुने अलर्ट पुरे करणं, शहरातल्या शर्यती, सगळ्यांचे फीट आहेत. पॉइंट विभागताना मात्र सांडू नका: हीलर असाल तर रिस्टोरेशन, कंट्रोलर असाल तर व्हायटलायझेशन, टँक असाल तर डॉमिनन्स आणि हेल्थ. मारा वाढवणाऱ्या माइट आणि प्रिसिजनमध्येही थोडंथोडं केलं की धड ना इकडचं धड ना तिकडचं. रेडमध्ये तो हीलर पहिल्या बॉसलाच उघडा पडतो.

आता वेळ. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळचे ७ म्हणजे इंदूरला उन्हाळ्यात पहाटेचे साडेचार, त्यांच्या हिवाळी वेळेत साडेपाच. रेडची रांग सगळ्यात लवकर भरते ती तेव्हा. आपली रात्रीची ९ ची वेळ त्यांची ऐन कामाची, तेव्हा आठ जण जमायला वेळ लागतो, अलर्ट मात्र भरतो. सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाऊन साडेबाराला घरी पोचणाऱ्या मंडळींना हा गेम उलट सोयीचा: युरोपात तेव्हा संध्याकाळ असते आणि दीड वाजता अमेरिकेची दुपार कलायला लागते. शनिवार-रविवारी हे गणित सैल पडतं.

पीसीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. गेम अनरियल इंजिन ३ वर आहे. नायकांचा अंतराळातला अड्डा असलेल्या वॉचटॉवरसारख्या गर्दीच्या जागी फ्रेम पडतात त्या प्रोसेसरमुळे, नवं ग्राफिक्स कार्ड घालून तिथे फरक पडत नाही. सावल्या कमी करा, एसएसडीवर ठेवा, ५० जीबी जागा मोकळी राखा. मे-जूनच्या वाऱ्यात वीज झपकन जाते-येते. इन्व्हर्टरवर पीसी टिकला तरी फायबरचा डबा दोन सेकंद बंद पडून पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो, आणि तेवढ्यात रेडमधला गट तुम्हाला मतदानाने बाहेर काढतो. फायबरच्या डब्याला आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. आधी दोन्हींच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, काही डबे ९ व्होल्टचे असतात.

मेंटॉर, म्हणजे कथेत वाट दाखवणारं प्रसिद्ध पात्र, निवडताना शक्तीचा विचार करायची गरज नाही, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. नायक असाल तर बॅटमॅन घ्या, कारण कानात बोलणारा आवाज केव्हिन कॉनरॉयचा आहे. खलनायक असाल तर जोकर, तो मार्क हॅमिलचा. कॉनरॉय २०२२ मध्ये गेले. बॉस पडल्यावर चित्रकथेच्या पानांसारखी एक छोटी फिल्म लागते, ती एस्केप दाबून उडवू नका. रेडच्या रांगेची खिडकी उघडलेली असेल तर गोष्ट वेगळी.