साखरपाणी की ब्रूबेकर-क्वॅक?

बारावीच्या प्रॅक्टिकलला सदाफुलीचे परागकण रुजवायचे असतात. नुसतं साखरेचं द्रावण वापरावं की ब्रूबेकर आणि क्वॅक या शास्त्रज्ञांनी 1963 साली मांडलेलं माध्यम, म्हणजे कण रुजवायचं क्षारयुक्त द्रावण?

साखरपाणी करायला सोपं: 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम सुक्रोज, बस्स. सदाफुलीचे ताजे कण त्यातही बऱ्यापैकी रुजतात. पण साखर कमी पडली तर पाणी आत घुसतं, कण टचकन फुटतो आणि आतला ऐवज धुरासारखा बाहेर सांडतो. (मुलांना हेच जास्त आवडतं, ते सोडा.)

ब्रूबेकर-क्वॅकमध्ये साखर तेवढीच, शिवाय लिटरला 100 मिग्रॅ बोरिक ॲसिड, 300 कॅल्शियम नायट्रेट, 200 मॅग्नेशियम सल्फेट, 100 पोटॅशियम नायट्रेट. खरी करामत कॅल्शियमची. थेंबात कण दाटीने असले तर छान रुजतात, विरळ असले तर रुसून बसतात; कॅल्शियम बाहेरून दिलं की विरळ कणही नळी (परागनलिका, रुजलेल्या कणातून निघणारा धागा) काढतात. बोरिक ॲसिडमधलं बोरॉन फुलात कुक्षी (स्त्रीकेसराचं टोक) आणि कुक्षीवृंतातून (तिचा दांडा) मिळतं, काचपट्टीवर ते आपणच घालायचं.

कणांची जिवंत टक्केवारी मोजायची असेल तर मी साखरपाण्यावर विसंबणार नाही. वर्गात नळी दाखवण्यापुरतं मात्र साखरपाण्यात चिमूटभर बोरिक ॲसिड टाकलं तरी भागतं. गहू-मका मात्र दोन्हींत नखरे करतात. त्यांचे कण तीनपेशीय (आत तीन पेशी असलेले), झाडावरून उतरले की लगेच मान टाकणारे. फूल सकाळचं ताजं घ्या. शिळ्या फुलाला कुठलंच माध्यम फारसं वाचवत नाही.