घरच्या शेडमध्ये जुनी फोर-व्हील पिकअप उभी करताना : कोल्हापूरच्या उद्यमनगरातील कामाचा अनुभव

कळे गावाच्या पुढे, गगनबावड्याच्या रस्त्याला आमचे शेत आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून सप्टेंबर संपेपर्यंत शेताकडे जाणारी पाणंद तांबड्या चिखलाने भरलेली असते आणि त्या काळात साधी पिकअप पहिल्याच वळणावर रुतून बसते. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी एमएच-०९ पाटीची, २००८ सालची बोलेरो कॅम्पर घेतली. ती फोर-व्हील होती, पण तिचे इंजिन धूर ओकत होते, हौद्याचा तळ हाताने तुटत होता आणि फोर-व्हीलचा दांडा जागचा हलत नव्हता. ती घरच्याच शेडमध्ये उघडून पुन्हा उभी करायला मला चौदा महिने लागले. यातली जी कामे घरी होण्यासारखी नव्हती, ती मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील वेगवेगळ्या दुकानांतून करून घेतली. हे परीक्षण मुख्यतः त्या कामाचे आहे. माझे मत आधीच सांगतो : मापाचे काम असेल, तर आपल्या भागात उद्यमनगरासारखी दुसरी जागा नाही, मात्र तिथे आपले माप आपण घेऊन, कागदावर लिहून जायला हवे आणि परत आलेली प्रत्येक वस्तू घरी पुन्हा तपासायला हवी.

जुनी गाडी निवडताना मी कॉमन रेल, म्हणजे संगणकाच्या ताब्यातला डिझेलपुरवठा, येण्यापूर्वीचे इंजिन मुद्दाम पसंत केले. या २५२३ सीसीच्या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०१.६ मिलिमीटर आहे. हे आकडे मिलिमीटरमध्ये अवघडलेले दिसतात, पण इंचांत मोजले की सरळ साडेतीन आणि चार होतात, कारण या इंजिनाचे घराणे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरांचे आहे. महिंद्राने १९६०च्या दशकात त्याच कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली होती. ही केवळ इतिहासाची गोष्ट नाही. ऑइल इंजिने, ट्रॅक्टर आणि उसाचे चरक यांच्या दुरुस्तीवर ज्या गावाचे हात पिढ्यानपिढ्या तयार झाले, जिथे जुने यंत्र-कारागीर म्हादबा मेस्त्री यांचे नाव आजही आदराने घेतले जाते, त्या गावातल्या कारागिराला हे इंजिन परके वाटत नाही. कुठलेही संगणकी यंत्र न जोडता, केवळ पाने, गेज आणि कान यांच्या जोरावर त्याचा दोष शोधता येतो.

घरी मी जे केले, ते थोडक्यात सांगतो. शेडच्या गर्डरला चेन पुली अडकवून इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढले. गाडी जॅकवर कधीही ठेवली नाही. चासीखाली चार भक्कम लोखंडी घोड्या देऊनच खाली शिरलो. प्रत्येक बोल्ट ज्या ठिकाणचा, त्या ठिकाणच्या नावाची चिठ्ठी लावून वेगळ्या डब्यात ठेवला. हे काम कंटाळवाणे असते, पण चौदा महिन्यांनंतर जुळणी करताना एकही बोल्ट शोधावा लागला नाही, हे त्याचे फळ.

उद्यमनगरातले पहिले काम क्रँकचे, म्हणजे पिस्टनच्या धावेने फिरणाऱ्या इंजिनातल्या दांड्याचे. ज्या वयस्कर मिस्त्रींकडे मी तो नेला, त्यांनी आधी जर्नलवरून, म्हणजे क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावरून, अंगठ्याचे नख फिरवले आणि मग मायक्रोमीटर उचलला. प्रत्येक जर्नलचे माप त्यांनी दोन टोकांना आणि मध्ये, शिवाय प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे असे दोनदा घेतले आणि खडूने क्रँकच्या बाजूवरच लिहिले. मी घरून कागदावर लिहून आणलेली मापे त्यांनी शेजारी ठेवून ताडून पाहिली. दोन ठिकाणी माझे माप चुकले होते, ते त्यांनी मला पुन्हा घ्यायला लावले. मग म्हणाले, "दहा थाऊत निघतंय, वीसला कशाला न्यायचं? पुढच्या वेळेला राहू दे की." दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर. एवढ्यावर काम थांबवल्याने या क्रँकला पुढे आणखी एकदा ग्राइंडिंगची संधी शिल्लक राहते. आपला धंदा वाढवण्याऐवजी गिऱ्हाइकाच्या लोखंडाची काळजी करणारा हा सल्ला मला फार मोलाचा वाटला.

ग्राइंडिंग सुरू करण्यापूर्वी त्या मिस्त्रींनी, म्हणजे मामांनी, दगडाचा कोपरा हिऱ्याच्या टोकाने गोल करून घेतला. जर्नल जिथे बाजूच्या भिंतीला मिळते, तिथली गोलाई कायम राहिली पाहिजे. तो कोपरा काटकोनात कापला गेला, तर क्रँकला नेमकी तिथूनच तडा जाण्याची भीती असते. घाईत काम करणारे हे टाळतात आणि वरवर पाहणाऱ्याला ते कळतही नाही. मी तिथे दीड तास उभा होतो. दगड जर्नलला टेकताना होणारा आवाज ऐकून मामा हात किती सावकाश पुढे नेत होते, ते पाहिल्यावर या कामाचे मोल दरपत्रकात का मावत नाही, हे उमगते.

ब्लॉकच्या बाबतीत मात्र अनुभव वेगळा आला. तो दुसऱ्या दुकानात होनिंगला, म्हणजे सिलिंडर आतून दगडाने घासून मापाला आणायला, दिला होता. माप अचूक आले, होनिंगच्या तिरक्या रेषाही सुरेख उमटल्या होत्या आणि ब्लॉक डिझेलने धुऊन चकचकीत करून दिला होता. घरी आणल्यावर मी पांढरे फडके आत फिरवले, तर ते राखाडी होऊन निघाले. होनिंगच्या दगडाची बारीक पूड डिझेलने निघत नाही. त्यासाठी गरम पाणी, साबण आणि ब्रश घेऊन, फडके पांढरे राहीपर्यंत घासावे लागते आणि मग लगेच तेलाचा हात द्यावा लागतो, नाहीतर तासाभरात गंज धरतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ऑइलच्या वाटांची बुचे काढलेलीच नव्हती. त्या वाटांत अडकलेली पूड इंजिन सुरू होताच थेट नव्या बेअरिंगवर गेली असती. मी ब्लॉक परत नेला, तेव्हा मालकांनी वाद न घालता बुचे काढून वाटा पुन्हा साफ करून दिल्या आणि वेगळे पैसे घेतले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवतो. पण मी फडके फिरवले नसते, तर एवढा सगळा खर्च पाचशे किलोमीटरही टिकला नसता. तेव्हा ब्लॉक कितीही ओळखीच्या दुकानातून आला, तरी जुळणीपूर्वी तो घरी धुतल्याशिवाय वापरू नये.

फोर-व्हीलचा दांडा हलत नव्हता, कारण वर्षानुवर्षे तो कोणी वापरलाच नव्हता आणि आतल्या तेलात पाणी मिसळून साय धरली होती. ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी, घरीच उघडून बेअरिंग आणि सील बदलले. एका फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर) मात्र जुन्या सीलच्या ओठाने नखाला लागेल एवढी चर पाडली होती, त्यामुळे नवे सील बसवूनही तेल गळतच राहिले असते. लेथवाल्याने ती जागा घासून वर पातळ बुश दाबून बसवला आणि मूळ मापाला आणून पॉलिश केली. नवी फ्लँज मागवण्याच्या मानाने हे काम फार स्वस्तात झाले आणि एक पावसाळा उलटला तरी तिथे तेलाचा थेंब नाही. चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे क्रॉसही (सांधेही) मी घरी बदलले, पण बॅलन्सिंगसाठी दोन्ही शाफ्ट उद्यमनगरात दिले. शाफ्ट सोडवताना त्याच्या दोन्ही भागांवर खुणा करायला विसरू नये. दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत बसले नाहीत, तर बॅलन्सिंग कितीही चांगले असले तरी गाडी थरथरतेच.

सर्वांत जास्त वेळ चासी आणि हौद्याने घेतला आणि माझ्या मते जुन्या गाडीचे खरे आयुष्य तिथेच ठरते. इंजिन पैसे मोजून पुन्हा नवे करता येते, पण गंजलेली चासी तशीच ठेवून वर रंग मारलेली गाडी ही फसवणूक आहे. आमच्याकडच्या पावसात चिखल चासीच्या आत साचतो, पाणी जाण्याची भोके बुजतात आणि पत्रा आतून खात जातो. मी लहान हातोडी घेऊन सगळी चासी ठोकत गेलो. चांगल्या जागी खणखणीत आवाज येत होता आणि मागच्या चाकांच्या वर, जिथे हौदा टेकतो, तिथे आवाज बद्द झाला. खरवडून पाहिले, तर दोन्ही बाजूंना तळहाताएवढी जागा कुजलेली होती.

त्या जागांसाठी मी पुठ्ठ्याचा साचा कापून उद्यमनगरातल्या प्रेसवाल्याकडे नेला. त्याने चासीच्याच जाडीचा पत्रा साच्याप्रमाणे कापून, प्रेसवर काटकोनात वळवून दिला आणि घरी तो इतका नेमका बसला, की ग्राइंडर फक्त कडांना फिरवावा लागला. ठिगळाची टोके सरळ आडवी न ठेवता शंकरपाळ्यासारखी तिरकी ठेवली, कारण चासीवर आडव्या रेषेत वेल्डिंग केले, की ताण त्या एकाच रेषेवर येतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरी आणि अल्टरनेटरच्या तारा सोडवल्या. काम झाल्यावर चासीच्या आत नळीने मेणाचे संरक्षक द्रावण फवारले. आमच्याकडे यासाठी इंजिनचे जळके तेल ओतण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही, कारण ते तेल पहिल्याच पावसात धुपून शेतात उतरते आणि वाटेत सापडणारे रबरी बुश फुगवून निकामी करते. हौद्याचा तळ चेकर प्लेटचा केला, फाळक्याच्या बिजागऱ्या नव्या घडवल्या. रंगाचे काम साधे ठेवले : रेड ऑक्साइड, कमीत कमी लांबी (पुट्टी) आणि वर मूळचाच पांढरा रंग.

गाडीत बदल करण्याच्या बाबतीत मी हात आखडता घेतला आणि त्याला कारण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याने ठरवलेल्या मूळ स्वरूपात फरक पडेल असा बदल करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले आहे. शिवाय पिवळ्या पाटीची, आठ वर्षांहून जुनी गाडी दरवर्षी फिटनेसला न्यावी लागते. त्यामुळे गाडी उंच करणे, बाहेर येणारे रुंद टायर बसवणे, पुढे बुलबार लावणे यांपैकी काहीही केले नाही. टायर मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे घेतले. कमान पाट्यांतला तुटलेला पाटा बदलून बाकीचे साफ केले आणि बुश नवे बसवले. एवढ्यानेच बसलेली गाडी मूळ उंचीवर आली, आणि पुष्कळांना जी उंची विकत घ्यावीशी वाटते, ती बहुधा जुन्या पाट्यांत हरवलेली असते.

दोन छोट्या सुधारणा मात्र प्रत्येकाने कराव्यात असे मला मनापासून वाटते. पहिली म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलची दोन्ही हाउसिंग आणि ट्रान्सफर केस यांच्या हवेच्या नळ्या लांबवून बॉनेटखाली उंचावर नेणे. चालून तापलेले हाउसिंग ओढ्याच्या थंड पाण्यात उतरले, की आतली हवा आकसते आणि नळीचे तोंड खाली असेल तर पाणी आत ओढले जाते. माझ्या गाडीच्या तेलाला धरलेली साय याच वाटेने आली असावी. यासाठी काही मीटर तेल न खाणारी रबरी नळी आणि चार क्लिपा पुरतात. दुसरी सुधारणा हेडलाइटसाठी वेगळ्या रिलेची वायरिंग घालण्याची. जुन्या स्विचमधून जाणारा सगळा विद्युतप्रवाह रिलेकडे वळवल्यावर त्याच मूळ बल्बांचा उजेड लक्षात येईल इतका वाढला आणि करूळ घाटाच्या धुक्यात त्याचा फार उपयोग होतो.

गाडी रस्त्यावर आली, त्याच जुलैत पाणंदीत तिची परीक्षा झाली. हौद्यात खताची बारा पोती होती. चिखल सुरू होण्यापूर्वी फोर-व्हील टाकले, लो गिअर लावला आणि ॲक्सिलरेटर जवळजवळ न दाबता गाडी चालत्या माणसाच्या वेगाने वर चढली. उतारालाही ब्रेकला पाय लावावा लागला नाही. डांबरी रस्त्याला लागताच मात्र फोर-व्हील काढून टाकावे, कारण या गाडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधला वेगातला फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शिअल नाही आणि कोरड्या रस्त्यावर वळताना तो ताण सगळा शाफ्ट आणि गिअरवर येतो.

गाडीची किंमत सोडून एकूण खर्च दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास आला. त्यात उद्यमनगरातल्या मजुरीचा वाटा पाचव्या हिश्श्याहून कमी होता. मोठा भाग सुट्या भागांत आणि पत्र्यात गेला. वेळेच्या बाबतीत मला तक्रार आहे. "परवा या" म्हणजे बहुतेक वेळा आठवडा असे आणि एकाही दुकानाने केलेल्या कामाची मापे स्वतःहून लिहून दिली नाहीत. नंतर मी प्रत्येक वस्तूबरोबर एक छापील कागद द्यायला सुरुवात केली, ज्यावर डावीकडे माझे माप आणि उजवीकडे त्यांच्यासाठी रिकामी जागा होती. तो कागद भरून द्यायला कोणीही नकार दिला नाही आणि क्रँकवाल्या मामांनी तर खाली सहीसुद्धा केली. पुढच्या महिन्यात पुढच्या एक्सलचे किंगपिन बेअरिंग (ज्यांवर पुढची चाके वळतात ते) उघडायचे आहेत, त्याचा कागद तयार करून मी शेडच्या भिंतीला लावून ठेवला आहे.