इम्प्लांटनंतर ताटात काय: पेज, मुगाचं कढण, नाचणी की अंडं?

गेल्या श्रावणात खालच्या जबड्यात उजवीकडे दोन इम्प्लांट, म्हणजे वर कृत्रिम दात बसवण्यासाठी हाडात घातलेले टायटॅनियमचे स्क्रू, बसवून घरी आले, तेव्हा हातात एक चिठ्ठी होती: मऊ खा, गरम नको, तिखट नको. बस, एवढंच. सासूबाई म्हणाल्या पेज कर, नवरा आईस्क्रीम घेऊन आला आणि शेजारच्या काकूंनी सोमवारची साबुदाण्याची खिचडी डब्यात पाठवली. ‘मऊच असते की गं.’

इथेच गफलत होते. मऊपणा हवाच, पण जोडीला आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात. त्या पदार्थातून बारीक कण सुटून टाक्यांत अडकतात का? आणि जखम भरून यायला त्यात काही प्रथिनं आहेत का, की नुसतं पोट भरतंय? मी या दोन निकषांवर घरातले पदार्थ पारखले.

पेज की मुगाचं कढण?

आधी एक सांगते. भूल उतरेपर्यंत काहीही खाऊ नका. दोन-चार तास ओठ, गाल बधिर असतात आणि आपण आपलाच गाल चावतो, कळतही नाही. मी चावला.

भूल उतरली की पहिला घोट पेजेचा घ्यायला हरकत नाही. पोटाला हलकी असते आणि वेदनाशामक गोळी उपाशीपोटी घ्यावी लागत नाही. पण पेज म्हणजे बहुतांशी पाणी आणि पिठूळ. दोन दिवस तिच्यावर काढले तर उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. शिवाय उकड्या तांदळाची शितं जखमेत जाऊन बसतात, म्हणून पहिल्या दिवशी ती गाळूनच प्यावी.

माझं मत कढणाला. मूठभर मुगाची डाळ, म्हणजे साधारण 30 ग्रॅम, यात 7 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. डाळ कुकरला मऊ शिजवायची, रवीने घोटायची, मीठ, चिमूटभर जिरेपूड, चमचाभर तूप, आणि कोमट होऊ द्यायची. फोडणी मात्र नाही. तिसऱ्या दिवशी ‘बेचव खाऊन कंटाळली असशील’ म्हणून नवऱ्याने हौसेने वरणाला फोडणी दिली आणि मोहरीचा एक दाणा टाक्याच्या कडेला जाऊन बसला. जिभेला लागायचा, निघायचा नाही. बोट घालायचं नाही, काडी तर मुळीच नाही. कोमट मिठाचं पाणी तोंडात हळूहळू घोळवत राहिले, तेव्हा कुठे रात्री सुटला. (हे घोळवणंसुद्धा पहिले 24 तास नको. जखमेवर धरलेली रक्ताची गुठळी निघून येते.)

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तीच डाळ तांदळाबरोबर आसट खिचडी होऊन ताटात येते. चमच्याने दाबली की दाणा उरू नये, इतकी शिजवा.

नाचणी की साबुदाणा?

इथे फार विचार करायला नको. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्यात चिकट, आणि खिचडीतला दाण्याचा कूट तर टाक्यांचा वैरी. काकूंचा डबा घरातल्यांनी संपवला. उपास असेलच तर साबुदाण्याची पातळ खीर चालेल, पण त्या दिवसापुरती.

नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणून आठवडाभर आंबील प्यायल्याने स्क्रू लवकर धरेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हाड आपल्या वेळेनेच भरतं. पण पोटभरीला आणि चवीला पेजेपेक्षा ती कितीतरी बरी. पीठ चाळून घ्या. ताकातली आंबील झोंबत असेल तर पहिले चार दिवस दुधात शिजवा. विकतचं नाचणी सत्त्व मुलायम असतं, पण सत्त्व काढताना प्रथिनं बरीचशी चोथ्यात जातात, हे ध्यानात असू द्या.

आईस्क्रीम, दही, ताक, शहाळं

पहिल्या संध्याकाळी आईस्क्रीमने खरोखर बरं वाटतं. साधं व्हॅनिला, वाटीत, चमच्याने. सुकामेवा नको, कोनही नको. दुसऱ्या दिवसापासून मात्र मी दह्यावर आले: वाटीभर ताजं, गोडसर दही, त्यात पूर्ण कुस्करलेलं केळं. अँटिबायोटिकने बिघडलेल्या पोटालाही दही बरं. फक्त गोळी कुठली आहे ते विचारा. डॉक्सिसायक्लिनसारख्या काही गोळ्या दूध-दह्याबरोबर नीट शोषल्या जात नाहीत, मध्ये दोन तासांचं अंतर ठेवावं लागतं. अमॉक्सिसिलिनला तशी अडचण नाही.

शहाळं उत्तम, पण शहाळेवाला न विचारता स्ट्रॉ खुपसून देतो. त्याला ग्लासात ओतून द्यायला सांगा. ओढण्याने तोंडात जी पोकळी होते ती गुठळी उचकटते, आणि वरच्या जबड्यात सायनस लिफ्ट (हाड कमी असल्याने सायनसचा तळ उचलून तिथे हाड भरणं) झाली असेल तर हे पथ्य आणखी कडक. सोलकढी, टोमॅटोचं सार, लिंबू सरबत आठवडाभर विसरा. आंबट थेट जखमेला झोंबतं.

अंडं की पनीर?

आकड्यांत पनीर पुढे: 100 ग्रॅमला 18 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं, तर एका अंड्यात 6. पण विकतचं पनीर रबरासारखं असतं, त्याला चावावं लागतं आणि त्याचा चुरा हिरडीवर चिकटतो. मऊ परतलेली अंडी, कांदा-मिरची न घालता, थोडं दूध घालून केलेली, जीभ आणि टाळूमध्ये दाबली तरी उतरतात. खात असाल तर अंडंच. न खाणाऱ्यांनी घरी दूध फाडून ताजं पनीर दुधातच मिक्सरला फिरवावं. मासे खाणाऱ्यांना पाचव्या दिवसापासून उकडलेली सुरमई चालते. ओला बोंबील तिच्याहून मऊ, पण त्याच्या बारीक काट्यांवर माझा भरवसा नाही.

मधुमेह असेल तर पसंतीक्रम बदलतो. पेज, शिकरण, आईस्क्रीम यांनी साखर उसळते आणि वाढलेल्या साखरेत जखम रेंगाळते; मग कढण आणि अंडं. उलट, खाणं निम्म्यावर आलं आणि गोळी किंवा इन्सुलिन पूर्वीइतकंच राहिलं तर साखर एकदम खाली येते. त्याचा डोस आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा.

चपाती-भाकरी कधी?

टाके साधारण आठवडा-दहा दिवसांनी निघतात. तोवर चपाती दुधात कुस्करून, नंतर वरणात भिजवून, दुसऱ्या बाजूने. माझ्या टाक्यांनंतर लगेच गणपती आले. उकडीच्या मोदकाची पारी मी खाल्ली, सारण नवऱ्याला दिलं. ओल्या खोबऱ्याचे तंतू आणि खसखस, दोन्ही नकोच होतं.

जखम भरली म्हणजे काम झालं असं मात्र नाही. टायटॅनियमला हाड घट्ट धरतं, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आलं आणि 1965 मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिले इम्प्लांट बसवले. ते धरणं आजही सावकाशच होतं: खालच्या जबड्यात साधारण तीन-चार महिने, वरच्या पोकळसर हाडात सहापर्यंत. या काळात स्क्रू किंचितही हलत राहिला तर हाड धरत नाही. स्क्रू हिरडीखाली झाकलेला असेल तर दोन-तीन आठवड्यांत बरंचसं जेवण सुरू होतं. त्याच दिवशी वर तात्पुरता दात बसवला असेल तर त्या बाजूने निदान सहा-आठ आठवडे मऊच. चकली, कडक लाडू, भाजलेलं कणीस दोघांनाही नाही. तंबाखू आणि मिश्री तर कुठल्याच दिवशी नाही; इम्प्लांट निकामी होण्याचं ते मोठं कारण आहे. मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक चालू असताना, आणि संपल्यावरही दोन-तीन दिवस, दारू नको.

तिसऱ्या दिवसानंतर दुखणं कमी होण्याऐवजी वाढलं, पू आला किंवा ताप आला तर पथ्याची चर्चा बाजूला ठेवून दवाखाना गाठा.

माझी कॅप मार्गशीर्षात बसली. पहिल्याच गुरुवारी काकूंनी पुन्हा साबुदाण्याची खिचडी पाठवली, भरपूर कूट घालून. खाल्ली, पण सवयीने डाव्या बाजूनेच.